दोन पावलं उजवीकडं

साहेबांचा फोटो मी सव्वापाचला काढायचो.
पार्क मैदानावर तेव्हा ऊन नरमतं,
गालावरचे देवीचे वण भरून निघतात,
आणि मी गुडघा टेकून बसलो
की साहेब मिलच्या चिमणीएवढे होतात.
मागच्या रिकाम्या खुर्च्या चौकटीत मावत नाहीत.
मावत नाहीत म्हणजे
मी मावू देत नाही.

याला आमच्याकडे कुणी खोटं म्हणत नसे.
उपसंपादक बिराजदार म्हणायचे, 'उजेड छान पकडलात.'
जशी काही कोंबडीच.

विडीवाल्या बायांचा मोर्चा मात्र भर बाराला.
एप्रिल. डांबर चपलेला धरून ठेवायचं.
डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळं साचतं,
कुणाचीही आई त्यात भेसूर दिसते.
सोलापूरच्या उन्हाला पक्ष नाही.
वेळ आहे,
आणि कुणाला कुठल्या वेळी बघायचं
हे आमचं आम्हाला ठाऊक.

त्या दिवशी कलेक्टर कचेरीच्या भिंतीवर चढलो.
वरून माणसं दिसत नाहीत, नुसती डोकी दिसतात,
तीही घेतली दोन-चार.
मग समोर एक बाई. हात वर.
तिच्यामागे पोलिसांची जीप, काच तडकलेली.

काच गड्ड्याच्या जत्रेपासून तशीच होती.
ड्रायव्हर हिप्परगीनं मलाच सांगितलं होतं,
पानाच्या टपरीवर, हसत हसत.

मी खाली उतरलो.
दोन पावलं उजवीकडं सरकलो.
हात आणि तडा एका रेषेत आले.

काही जोडलं नाही, काही पुसलं नाही.
दोन पावलं.

रात्री लाल दिव्याखाली आकाश थोडं जास्त जाळलं.
एकही ढग नसलेला एप्रिल
वादळासारखा काळवंडला.
बिराजदारांनी पेन्सिलीनं चौकट आखली,
डावीकडचं उडालं.
सकाळी पहिलं पान, चार कॉलम,
खाली दोन शब्द : संतप्त जमाव.

तिसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली.
सत्तेम्मा कोंडा, अशोक चौकाच्या मागं राहणारी.
बोटांची पेरं तंबाखूनं पिवळी.
पेपरची घडी टेबलावर उलगडली,
तळहातानं सुरकुत्या काढल्या,
जशी चादर विकायला मांडावी.

'हा हात माझा हाय वो.'
मी म्हटलं, 'हो.'
'डोळ्यावर ऊन येत हुतं. म्हणून वर केलता.
भिंतीवर कोण चढलंय, ते बघत हुते.'

पंखा फिरत होता. बिराजदार आत गेले.

मग तिचं बोट फोटोच्या डाव्या कडेला आलं,
जिथून टॉवेलांची जाहिरात सुरू होत होती.
'हितं माझी नणंद हुती. नर्सम्मा.
पाण्याचा कॅन घिऊन. हसत हुती.
तिला कुठं ठिवलंत?'

निगेटिव्ह उजेडावर धरली.
आकाश काळं, बायांचे चेहरे उजळ,
नर्सम्माचे दात काळे,
पण हसूच होतं ते, शंका नको.
आख्खी प्रिंट काढून दिली. आकाश जाळलं नाही.

तिनं बराच वेळ पाहिली.
ओल्या कागदाला पदरानं टिपलं.
'सगळी आली,' म्हणाली,
'तुमी तेवढं कुठं दिसत न्हाईत.'

पाच रुपये टेबलावर ठेवून गेली.
परत देण्याइतका वेळ होता.
मी दिले नाहीत.

संध्याकाळी सव्वापाचला पार्क मैदान.
साहेब वर, मी गुडघ्यावर. नेहमीसारखं.
ऊन तिरपं भिंगात शिरत होतं
म्हणून एक हात वर धरला,
आणि जरा वळून पाहिलं,
कुणी भिंतीवर चढलंय का.